स्लॅबखाली बसल्याशिवाय गुत्तेदारी नाही

मी, विमलबाई त्रिंबक कटारे, वय त्रेसष्ट, धंदा गुत्तेदारी म्हणजे बांधकामाची कंत्राटे, राहणार दिंद्रुड, तालुका माजलगाव, जिल्हा बीड, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. ज्यांना तो आणायचा होता त्यांना मी चहा पाजून वाटेला लावले आहे. डोके ठिकाणावर आहे, गुडघे नाहीत. पण कायदा गुडघ्यांचे विचारत नाही, असे वकीलसाहेब म्हणाले. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. राहते घर माझ्या स्वकमाईचे आहे. ते आणि बँकेतली शिल्लक सून रोहिणी हिला द्यावी. मुलगा हनुमान याने घरात खुशाल राहावे, पण नावावर मागू नये. पुढच्या वाढदिवसाच्या फ्लेक्ससाठी तो घर गहाण टाकेल. मागच्या फ्लेक्सवर त्याने 'सुप्रसिद्ध गुत्तेदार' असे छापून घेतले होते. घमेले गोल असते, तरी ते कोणत्या बाजूने धरावे हे या सुप्रसिद्धाला अजून ठाऊक नाही.

कलम २. माझा ओळंबा ख्वाजा मिस्त्रींना परत द्यावा, कारण तो मुळात त्यांचाच. नवरा वारल्यावर मी त्यांच्या हाताखाली माल वाहू लागले. एकदा हौसेने वीट लावून बघितली तर गवंडी हसले. मिस्त्री म्हणाले, "हसता कावून बे? तुमची भिताडं लई सरळ हायत व्हय?" मग वाळू चाळण्यापासून सळई बांधण्यापर्यंत सगळे त्यांनीच शिकवले. शिव्याही शिकवल्या. त्यात मी पुढे स्वतःची भर घातली आहे.

कलम ३. माजी सरपंच सुंदरराव यांना माझी जुनी चप्पल द्यावी. त्यांच्या बंगल्याच्या कंपाउंडचे काम मागायला गेले तेव्हा ते म्हणाले, "बाई, तुला अनुभव न्हाई. आधी अनुभव घिऊन ये." काम मिळाल्याशिवाय अनुभव कुठून आणायचा, हे त्यांनी सांगितले नाही. मग मी गावातले संडास बांधायला घेतले, कारण ते काम कोणालाच नको होते. त्यातला एक सुंदररावांचाच. रोज सकाळी ते माझ्या अनुभवावर बसतात आणि आजवर एकदाही पडलेले नाहीत. कंपाउंड मात्र त्यांनी भाच्याकडून बांधून घेतले. ते रस्त्याकडे कलले आहे. माझी चप्पल त्याला टांगावी, म्हणजे भिंतीला नजर लागली असे तरी लोकांना सांगता येईल.

कलम ४. आता धंदा. मिक्सर, सेंट्रिंगच्या प्लेटा, बल्ल्या आणि धंद्याचे नाव हनुमानला द्यावे, पण अटीवर.

आमच्या टोळीची एक रीत आहे. स्लॅब पक्का होईपर्यंत त्याला खालून टेकू देणाऱ्या बल्ल्या काढताना गुत्तेदार त्याच स्लॅबखाली पालथ्या घमेल्यावर बसून चहा पितो. ही ख्वाजा मिस्त्रींची रीत. मी प्रत्येक स्लॅबखाली बसले आहे. पहिल्या वेळी अर्धा चहा लुगड्यावर सांडला होता.

चकलांब्याला एका घराच्या कामावर हनुमानने मालकाच्या वास्तुशांतीचा मुहूर्त गाठायला पोर्चच्या बल्ल्या आठवड्यातच काढायला लावल्या. मुहूर्त उत्तम निघाला, पोर्च खाली आला. नशिबाने खाली फक्त मालकाची मोटारसायकल होती. हनुमान तेव्हा रस्त्यापलीकडे होता. मला म्हणाला, "आई, लई जरुरी फोन आलता." मी म्हटले, "फोन न्हाई आलता. तुझाच तुझ्या कामावर भरवसा न्हवता. आन तसल्या कामाखाली लोकाची लेकरं झोपवतोस व्हय?" तो त्या दिवशी जेवला नाही. मीही जेवले नाही. पोरगा वाईट नाही, घाईचा आहे. आणि या धंद्यात घाईने माणूस मरतो, याचीच मला भीती आहे.

म्हणून त्याने माझ्यामागे ख्वाजा मिस्त्रींच्या हाताखाली घमेल्यापासून सुरुवात करावी. मिस्त्री शिव्या देतील, त्या माझ्याच समजाव्यात. मग आमच्या वरच्या मजल्याचा राहिलेला स्लॅब त्याने स्वतः टाकावा, मिस्त्री म्हणतील तितके दिवस त्याला पाणी पाजावे आणि बल्ल्या काढताना खाली बसावे. माझ्या वर्षश्राद्धाची पंगत त्याच स्लॅबखाली घालावी. भाऊबंद जेवायला बसले तर पोरगा गुत्तेदार झाला. अंगणात ताट मागू लागले तर मिक्सर विकून टाकावा आणि पैसे रोहिणीने ठेवावेत.

कलम ५. बल्ल्या काढायच्या दिवशी हनुमानचा फोन रोहिणीने काढून घ्यावा. त्याच्याशेजारी दुसरे घमेले पालथे घालून त्यावर माझा फोटो ठेवावा आणि चहा दोन कप आणावा. पहिल्या स्लॅबखाली माझे पोर एकटे बसू नये.

हे सर्व मी वाचून, समजून, राजीखुशीने लिहिले आहे.

सही: विमलबाई त्रिंबक कटारे

साक्षीदार:
१. सोमनाथ शिवशंकर गवळी, सळई बांधणारा. (सही केली, मग डोळे पुसले. उलट करायला हवे होते, कागद ओला झाला.)
२. शाईस्ता रईस शेख, शेजारीण

ठिकाण: दिंद्रुड
दिनांक: १२ जानेवारी २०२५