आबांचा वाटा

३ फेब्रुवारी
आज जळगावात रुजू झाले! अमळनेरहून एसटीने आले. पिंप्राळ्यात प्रमिलाबाईंकडे वरची खोली मिळाली. त्यांनी आल्या आल्या कळण्याची भाकरी आणि भरीत पुढ्यात ठेवलं. रुग्णालय नवं, चकचकीत, आणि मी यकृतदात्यांच्या वॉर्डात नर्स. सर्जन शिरोडे सरांनी पडद्यावर ऑपरेशन दाखवलं. पोटाला चार-पाच बारीक छिद्रं, आत दुर्बीण. यकृताचा मोठा तुकडा सोडवून, पिशवीत घालून ओटीपोटावरच्या लहानशा छेदातून बाहेर. उरलेलं यकृत काही महिन्यांत पुन्हा वाढतं. आईला फोनवर हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, भाविका, मी जेवायला बसले होते गं.

५ फेब्रुवारी
नूतन दाखल झाली. वय सव्वीस, माहेर भडगावचं. सासरे तोताराम आबा रावेरकडचे केळीवाले. यकृत पार निकामी, डोळे हळदीसारखे. सून आपला तुकडा देणार म्हणून वॉर्डभर कौतुक. रक्तगट मुलाचाही जुळतो, पण नूतनचा नवरा हितेंद्र म्हणाला, मी पडून राहिलो तर शेती कोण बघेल? व्रण दिसणार नाही ना, हे मात्र त्याने सरांना दोनदा विचारलं.

६ फेब्रुवारी
सोनोग्राफीसाठी नूतनचा गाऊन वर केला. बरगड्यांवर जुने-नवे काळेनिळे वळ, कमरेजवळ डाग दिल्याची खूण. पडले, म्हणाली. मी पडदा ओढला. मग तिने माझं मनगट धरलं. "ताई, माले मरनं नही शे."
संमतीच्या कागदावर सही करत नव्हती, म्हणून हितेंद्रने तिला दोन दिवस मळ्यातल्या मोटारीच्या खोलीत कोंडलं होतं.
सरांना सांगितलं. ते तिच्याशी एकटीशी बोलले. घरच्यांना एवढंच कळवायचं ठरलं, की तपासणीत ती बसत नाही.

७ फेब्रुवारी
हितेंद्रला पटलं नाही. सलाइनचा स्टँड उचलून त्याने काच फोडली. नूतनला केसांना धरून जिन्यापर्यंत फरपटत नेलं. मी मध्ये पडले. माझा एक दात गेला. रखवालदारांनी सोडवलं, पोलीस त्याला घेऊन गेले. तिचा भाऊ नवल उद्या न्यायला येतोय. तोवर ती माझ्या खोलीवर.

८ फेब्रुवारी
सकाळी आबा रक्ताची उलटी होऊन गेले. हितेंद्र सुटून आलाय. प्रेत उचलू देत नाही. सगळ्यांसमोर म्हणाला, "आबांचा वाटा तिच्या पोटात आहे. तो घेतल्याशिवाय अग्नी देणार नाही."
कुणीतरी हसलं. थोड्या वेळाने पाहिलं तर तो तिथे नव्हता. वॉर्डबॉय म्हणाला, माझ्या खोलीचा पत्ता विचारून गेला. मी तशीच पळत खोलीवर आले—

दुपार
नवलचा फोन आला, एरंडोल सोडलं, अजून पाऊण तास. पोलीस निघालेत म्हणे.
खाली प्रमिलाबाई ओरडल्या. मग काहीच नाही. खिडकीतून दिसलं — अंगणात त्या पालथ्या, रक्त थेट फाटकापर्यंत — त्याच्या हातात केळीचे घड तोडायचा कोयता.

दाराला कपाट लावलंय. नाव लिहून ठेवते, हितेंद्र तोताराम — कुणाला तरी कळू दे —

दाराची फळी फुटली. नूतनने गॅसवर तेल तापत ठेवलंय.

तो थांबला. फटीतून अगदी हळू, अदबीने विचारतोय, "सिस्टर, उजव्या बाजूलाच असतं ना?"

नूतनने कढई उचलली. मला मागे ढकललं. कपाट सर—