सेकंदाचा दशलक्षांश

३ डिसेंबर १९७६
पॉलिटेक्निकच्या लॅबमध्ये इलेक्ट्रॉनिक काउंटर आला. पेटी मीच उघडली. प्रिन्सिपॉल म्हणाले, सांभाळून. वीस वर्षं नोकरी झालेल्या लॅब असिस्टंटला हे सांगतात.
नऊ नारिंगी आकडे. फ्रिक्वेन्सी मोजतो, दोन घटनांमधला वेळही मोजतो. एका सिग्नलवर सुरू, दुसऱ्यावर बंद. सेकंदाच्या दशलक्षांशापर्यंत. प्रतापनगरात एवढं अचूक कोणी नाही. म्हणजे, मी सोडून.

६ डिसेंबर
आमची प्रेमिला, दहावीत आहे, जिल्हा स्पर्धेत शंभर मीटर धावणार. तेरा पॉइंट दोनच्या आत नोंद झाली तर राज्य स्पर्धेत प्रवेश. तिचे पीटी सर रुपराव स्टॉपवॉच धरतात आणि बारा पॉइंट नऊ सांगतात. मी विचारलं, अंगठा कोणाचा? तुमचाच ना? माझ्या मुलीचं भविष्य मी अंगठ्यावर सोडणार नाही.

११ डिसेंबर, सकाळी ७
योजना पक्की. शर्यतीच्या पिस्तुलाजवळ माईक: आवाज झाला की काउंटर सुरू. शेवटच्या रेषेवर एकीकडे बल्ब, दुसरीकडे फोटोसेल: पोरगी मधून गेली, उजेड तुटला, काउंटर बंद. इतकं सोपं की लाज वाटते.

१४ डिसेंबर
लॅबमध्ये ट्रायल. टाळी वाजवली, सुरू. बल्बसमोर हात फिरवला, बंद. मग शालिकराम शिपाई शिंकला, पुन्हा सुरू. ट्रिगर लेव्हल, म्हणजे किती आवाजाला सुरू व्हायचं ते, फार खाली होती. अर्धा तास नॉब फिरवला. आता शिंकेला दाद देत नाही. टाळीलाही देत नाही. स्टूल आपटलं की चालतं. पिस्तूल स्टुलापेक्षा मोठंच वाजणार.

१९ डिसेंबर
जिल्हा क्रीडा संघटनेचे सेक्रेटरी मारोतराव म्हणाले, घड्याळही ठेवू, यंत्रही ठेवू. मी म्हणालो, दोन आकडे आले की भांडणं. प्रिन्सिपॉलांची चिठ्ठी दाखवली. चिठ्ठी यंत्र बाहेर नेण्याच्या परवानगीची होती, पण लेटरहेड मोठं होतं. ते राजी झाले. घड्याळ बाद.
रुपराव म्हणे, एक डाव दुपारी ग्राउंडवर लावून पाहू न, काहून इतकी घाई करून राहिले? लॅबमध्ये चाललं ते कुठेही चालतं, मी सांगितलं.
घरी बायको कौशल्या म्हणाली, पोरीले धावू द्या, बाकी राहू द्या. कौशल्येला इन्स्ट्रुमेंटेशन कळत नाही.
प्रेमिलाही म्हणाली, बाबा, घड्याळबी राहू द्या न. तिला समजावलं.

८ जानेवारी १९७७, संध्याकाळ
पहिलीच शर्यत मुलींची. पिस्तूल वाजलं, काउंटर सुरू झाला. फर्स्ट क्लास. माझे डोळे आकड्यांवर. प्रेमिला पहिली आली, हे नंतर कळलं.
तेरा झाले. चौदा. वीस.
तीनचं ऊन सरळ फोटोसेलवर होतं. उन्हापुढे बल्ब काय? पोरी मधून गेल्या, सेलला पत्ताच नाही.
मारोतराव म्हणाले, टाइम सांगा. म्हटलं, थांबा. साठ, सत्तर. प्रेमिला धापा टाकत आली, विचारलं, किती झाले बाबा? मी म्हणालो, मोजून राहिला आहे. ती उभी राहिली. आम्ही दोघं आकडे पाहत होतो. दोनशे बाराव्या सेकंदाला शालिकरामने प्लग काढला. मला विचारलंही नाही.
पुढच्या शर्यतींना रुपरावांनी घड्याळ काढलं.

९ जानेवारी
शांतपणे विचार केला. काउंटरची चूक नाही. थांब म्हणून त्याला कोणी सांगितलंच नाही. दोनशे बारा सेकंद तो एका दशलक्षांशानेही चुकला नसेल. हे कौशल्येला सांगितलं. ती पोळ्या तशाच टाकून अंगणात गेली.

१३ जानेवारी
मारोतरावांकडे गेलो. शर्यत पुन्हा घ्या म्हटलं, फोटोसेलला पुठ्ठ्याची टोपी लावतो. ते म्हणे, ग्राउंड आता क्रिकेटवाल्यायले देलं, अन् यादी गेली. पहिला नंबर लिहिला आहे, वेळेच्या रकान्यात रेघ. रेघेवर राज्याला घेत नाहीत.
टोपीचं ड्रॉइंग त्यांच्या टेबलावर ठेवून आलो. कधीतरी बघतील.

३० जानेवारी
रुपराव घरी आले. पुढच्या वर्षीची तयारी आतापासून करू म्हणाले. मी आतल्या खोलीत, दार अर्धं उघडं. प्रेमिला हळू म्हणाली, धावतो मी सर, पण कोणत्या दिवशी आहे ते बाबाले सांगू नका.
मोठ्या खेळाडूंना घरच्यांसमोर दडपण येतं. हे मी वाचलेलं आहे.
मी खोकणार होतो. खोकलो नाही. ते जाईपर्यंत तसाच बसून राहिलो.