मी न पाहिलेले मीटर

बाबा,

दोन महिन्यांपूर्वी एका दुपारी पाणीपुरवठ्याची आमची जीप तुम्ही मीटर वाचायचात त्या जुन्या गल्लीतून हळूहळू जात होती आणि घराघरांतले नवे मीटर माझ्या मांडीवरच्या यंत्राला आपले आकडे आपणच सांगत होते. दार वाजवायला नको, झाकण पुसायला नको. उन्हात सगळी गल्ली झोपेत तरंगत असल्यासारखी. मला तुम्ही दिसत राहिलात, सळईचं एक टोक रस्त्याला आणि दुसरं कानाला लावून जमिनीखालचं पाणी ऐकणारे. "पाणी बोलते, बाई. आयकणारं पाह्यजे."

मी कॉलेजात शिकत होते, तेव्हा एका उन्हाळ्यात तुम्हाला ताप आला होता. तुम्ही म्हणालात, "तेवढे त्या गल्लीचे मीटर पाहून येजो." मी मैत्रिणीकडे जाऊन बसले आणि मागच्या महिन्याइतकाच वापर धरून वहीत आकडे भरले. तिथला पाइप जमिनीखाली फुटला होता, घरांत पाणी निम्मंच पोचत होतं. उन्हाळा म्हणून कुणी तक्रार केली नाही. मी मीटर पाहिले असते तर कळलं असतं. नालीचं पाणी पाइपात शिरत राहिलं आणि गल्लीत कावीळ पसरली. तिथल्या एक काकू महिनाभर सेवाग्रामच्या दवाखान्यात होत्या.

साहेबांनी तुम्हाला विचारलं, "मग वहीत आकडे नेहमीसारखेच कसे?" मी तुमचा डबा घेऊन दारात उभी आहे. माझ्याकडे न बघता तुम्ही म्हणता, "मीच अंदाजानं लिवले, साहेब." तुम्हाला गावाबाहेरच्या पंपावर टाकलं, शेवटपर्यंत तिथंच ठेवलं. घरी तुम्ही मला एका शब्दानंही बोलला नाहीत. रागावला असतात तर बरं झालं असतं.

त्या दुपारी यंत्रात त्याच गल्लीचे आकडे एकदम कमी झालेले दिसले. मी जीप थांबवली, व्हॉल्व बंद करवला, खोदायला लावलं. नालीलगतचा पाइप चिरला होता. टँकर मागवले. या वेळी एकालाही कावीळ झाली नाही. आमचे साहेब खुशीत म्हणाले, "या मीटरला अंदाज लिहिता येत नाही. कुणी झाकण उघडलं तरी खबर देतो." मी मान हलवली.

आज काकू ऑफिसात आल्या. माझा हात धरून म्हणाल्या, "तुह्या बापाच्या हातून चूक झालती, बाई. तू भरून काढली."

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं, मला माहीत नाही. पण बाबा, मी काकूंना "हो" म्हणाले.