बारानंतर गोंद धरत नाही

बाबा, त्या स्की अजून आहेत. कपाटामागे, जुन्या चादरीत गुंडाळलेल्या. आई पुढच्या महिन्यात कायमची साताऱ्याला जाते आहे, म्हणून शारजातला हा फ्लॅट आवरायला काढला, आणि परवा कपाट सरकवल्यावर त्या हाताला लागल्या. एकीच्या तळाला तुम्ही चिकटवलेली लॅमिनेटची पांढरी पट्टी अजून घट्ट आहे. दुसरीची अर्ध्यावरून सुटून वर वळली आहे. आई म्हणाली, "इथे कधी बर्फ पडणार होता म्हणून हे ठेवलंय." मग स्वतःच हसली, कारण आता दुबईत बर्फ पडणार आहे. एका मॉलला जोडून घसरायचा उतार बांधतायत. आमच्या ऑफिसात सगळे त्याचंच बोलतात. बाहेर पंचेचाळीस आणि आत उणे दोन. तुम्ही आधी हेच विचारलं असतंत, की आतून प्लाय कुठला लावणार.

त्या स्की मिळाल्या तेव्हा तुम्ही इंडस्ट्रियल एरियातल्या लाकूडकामाच्या वर्कशॉपचे फोरमन होता. एका ऑस्ट्रियन इंजिनियरच्या घरचं स्वयंपाकघर तुम्ही केलं होतं. देश सोडताना त्यानं सामान वाटून टाकलं, आणि कपाटांची दारं आवडली होती म्हणून स्की आणि बूट तुम्हाला दिले. वर्कशॉपातला म्हातारा पॉलिशवाला त्या उलटसुलट करून म्हणाला, "साहब, इसमें से तो एक शटर की पट्टी भी नहीं निकलेगी." तुम्ही मात्र तळावरून अंगठा फिरवत उभे राहिलात. वाळूत हा तळ दोन दिवसांत खरवडून निघेल, म्हणालात. मग लॅमिनेटच्या दोन पट्ट्या कापल्यात, वर्कशॉपातल्या नेहमीच्या पिवळ्या गोंदानं चिकटवल्यात, रात्रभर शिकंज्यात दाबून ठेवल्यात. वर मेणबत्ती घासलीत. माझी दहावीची परीक्षा चालू होती. स्की दाराशी उभ्या असायच्या आणि मी रोज विचारायचे, "सो व्हेन आर वी गोइंग?" तुम्ही म्हणायचात, "शेवटचा पेपर झाला की. इन्शाल्ला." आई आतून म्हणायची, "तुमचं इन्शाल्ला म्हणजे नाहीच."

पण गेलो. मार्चमधला शुक्रवार. पिकअपच्या पुढच्या सीटवर तिघं, मी मध्ये. खोर फक्कानच्या बंदरावर लाकडाचे कंटेनर आले की तुम्ही त्या रस्त्यानं जायचात, म्हणून ती वाळूची टेकडी तुमच्या माहितीतली होती. धैदच्या अलीकडे, लालसर, उंच, आणि तिच्यापलीकडे डोंगरांची काळी रांग. त्या वर्षी हिवाळ्यात चांगला पाऊस झाला होता. टेकडीच्या पायथ्याशी बोटभर गवत उगवलं होतं आणि आईला त्याचंच जास्त कौतुक होतं. ती पिकअपच्या सावलीत चटई टाकून बसली. उघड्यावरच तिनं स्टोव्ह पेटवला, आडोशाला पुठ्ठासुद्धा लागला नाही.

तुम्ही आयुष्यात कधी स्कीवर उभे राहिला नव्हता, तरी मला शिकवत होता. "रंधा मारताना कसं, वजन पुढे, पण दाबायचं नाही. दाबलंस की अडकतो." बूट दोन मापं मोठे. मी तीन मोजे घातलेले. पहिल्या तीन वेळा पडले, चौथ्यांदा आईपर्यंत पोचले. तिनं न उठता चहाचा कप पुढे केला. दहा वाजेपर्यंत त्या उतारावर माझ्याच जाण्यानं एक रूळ पडला होता. त्यात स्की टाकली की ती आपोआप खाली न्यायची. तुम्ही दर वेळी माझ्याबरोबर वर चढून यायचात आणि मेणबत्ती घासून द्यायचात. साडेअकराला घड्याळ बघितलंत. "अजून एकदा. बारानंतर नाही. वाळू तापली की हा गोंद धरत नाही."

"आय नो, बाबा."

"नो काय नो. ऐकून घे. आणि ह्याच बाजूनं."

माथ्यावर मी उभी आहे. एका बाजूला माझा रूळ, पिकअप, आई, डांबरी रस्ता. दुसऱ्या बाजूला काहीच नाही. नुसती उभी वाळू, तिच्यावर कुणाचं पाऊल नाही, एखाद्या पक्ष्याचंसुद्धा नाही. बारा वाजून गेलेत. तुम्ही पाणी प्यायला थोडे खाली उतरला आहात. मी तोंड फिरवते आणि पलीकडच्या बाजूनं सोडून देते.

त्या सात-आठ सेकंदांचं मला आजही नीट सांगता येत नाही. पायाखाली रूळ नव्हता, आणि जिकडे कललं तिकडे वाट होती. वाळू पाण्यासारखी दोन्ही बाजूंना सरकत होती. मग उजवा पाय मागेच राहिला. पट्टी सुटून वाळूत रुतली होती. मी तोंडावर आपटले, तळापर्यंत लोळत गेले, आणि घोटा मुरगळला म्हणून ओरडले.

तुम्ही उतरून आलात. मला वाटलं, आता बोलणी बसणार. तुम्ही आधी माझा घोटा दाबून पाहिलात, मग ती स्की उचललीत, सुटलेल्या पट्टीला बोट लावलंत. गोंद चघळलेल्या गमसारखा ताणला जात होता.

"मी सांगितलं होतं," एवढंच म्हणालात. मग, "हाक मारली मी. थांबली का नाहीस?"

"वाऱ्यामुळे ऐकू नाही आलं."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मग माझ्या बुटांचे पट्टे सोडवू लागलात.

वळसा घालून जाणं लांब पडलं असतं, मला नीट चालता येत नव्हतं, म्हणून सरळ वर चढायचं ठरलं. दोन्ही स्की आणि ते जड बूट तुमच्या खांद्यावर, माझा हात तुमच्या हातात. दर पावलाला अर्धं पाऊल मागे. निम्म्यावर तुम्ही थांबलात आणि सगळं खाली टाकून बसलात. चेहरा मातकट झाला होता. हात आधी छातीशी गेला, मग डाव्या खांद्याशी. मी विचारलं, काय होतंय.

"ॲसिडिटी. सकाळचे पोहे." थोड्या वेळानं म्हणालात, "आईला सांगू नकोस. उगाच हॉस्पिटल हॉस्पिटल करत बसेल."

मी मोज्यांतली वाळू झटकत होते.

"तू या बाजूनं आलीस हे मी सांगत नाही. विषय संपला. खलास?"

"खलास," मी म्हटलं. मला सुटल्यासारखं वाटलं, बाबा. मी सोळा वर्षांची होते आणि आपण बरोबरीनं व्यवहार केला असं वाटलं. पिकअपपाशी पोचल्यावर तुम्ही आईला म्हणालात, "पट्टी निघाली, पडली." ते खरंच होतं. येताना वाटेत थांबून तुम्ही कलिंगड घेतलंत.

जुलैत नेहमीप्रमाणे आई आणि मी सुट्टीला साताऱ्यात, तुम्ही इथे. वर्कशॉपमधून फोन आला. जेवणाच्या सुट्टीत बसल्या जागी गेले, म्हणाले.

त्यानंतर आईनं इथल्याच शाळेत नोकरी धरली आणि आम्ही राहिलो. नऊ वर्षं जो कोणी घरी येईल त्याला ती एकच सांगते: "काही लक्षण नाही हो. एक दिवससुद्धा छातीत दुखतंय म्हणाले नाहीत." मी तेव्हा चहाचे कप गोळा करते. सुरुवातीला तिच्यासाठी बोलत नव्हते, नंतर तुमच्यासाठी, आणि कधीतरी ते दोन्ही संपलं तरी बोलत नव्हते. तुम्ही मोडू शकत नव्हता असा करार मी एकटी पाळत होते.

परवा आईनं वर वळलेली पट्टी दाबून पाहिली आणि विचारलं, "ही एकच का गं सुटली?" मग मी सांगितलं. मी पलीकडे गेले ते, तुम्ही निम्म्यावर बसलात ते, हात कुठे गेला ते, काय म्हणालात ते. ती ऐकत होती. चादरीची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. मग म्हणाली, "पोहे नव्हते. उपमा होता." आणि स्वयंपाकघरात गेली.

दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. आज सकाळी म्हणाली, "मला त्या वेळी सांगितलं असतंस, तरी ते ऐकणारे नव्हते." असं ती माझ्यासाठी म्हणाली, हे कळलं. स्की बांधायच्या सामानात तिनं स्वतःच ठेवल्या.

तुमची पत्रं वर्कशॉपच्या पोस्ट बॉक्सवर यायची. तो नंबर मला पाठ आहे, पण तो बॉक्स आता दुसऱ्या कुणाचा तरी असेल, आणि हे त्यानं वाचावं असं त्यात काही नाही. एक गोष्ट मी आईलाही सांगितलेली नाही. तुमची हाक मी ऐकली होती. "थांब, गोंद सुटेल," असे पूर्ण शब्द. त्या दिवशी वारा नव्हता.