वहीतला भिकन आणि हंसातला तारा

खोडद, १२ फेब्रुवारी २०२४

ती. दिवाकरमामांस,
स्वानंदीचा सा. न. वि. वि.

पत्र कशाला, असं मामी म्हणेल. इथे रेडिओ दुर्बिणीच्या आवारात मोबाईल बंद ठेवावा लागतो, आणि तुम्ही कानातलं यंत्र डबीत ठेवून फोन घेता. मागच्या वेळी मी पीएच.डी.चं सांगत होते आणि तुम्ही मला हळदीचे भाव सांगत होतात. म्हणून हे बरं.

माझा तारा हंस नक्षत्रातला. सूर्याच्या वीसपट जड आणि भयंकर तापलेला. असे तारे स्वतःच्याच प्रकाशाच्या रेट्याने अंगावरचा वायू बाहेर उडवत असतात, सेकंदाला दोन हजार किलोमीटरने. त्याला आम्ही वारा म्हणतो. हा वारा आपल्यातच आपटतो तेव्हा थोडे क्ष-किरण निघतात, ते उपग्रहाला दिसतात. रेडिओ लहरी आम्ही इथे टिपतो. एकट्या ताऱ्याचा वारा आमच्या लांब लहरींवर जवळजवळ गप्प असायला हवा. माझा तारा मात्र खणखणीत दिसला! याचा अर्थ तिथे दुसराही तारा असणार, उजेडात लपलेला, आणि दोघांचे वारे एकमेकांवर आदळत असणार. हे अजून कुणीच सांगितलेलं नाही. माझा सगळा प्रबंध आता यावरच उभा आहे. संपदा मॅडम, म्हणजे माझ्या मार्गदर्शक, म्हणाल्या की ऑगस्टमध्ये पुन्हा बघू आणि मग जाहीर करू.

मामीला म्हणावं, लाडू संपले. माया आहेच, लाडवांतूनही दिसू द्यावी.

तुमची,
स्वानंदी

नाशिक, इंदिरानगर, २५ फेब्रुवारी २०२४

चि. स्वानंदीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र तुझ्या मामीने, श्यामलाने, मोठ्याने वाचून दाखवलं, म्हणजे बहुधा शेजाऱ्यांनाही कळलं. लाडू पाठवले आहेत. आकाशातली जोडी तू जमवलीस, आता जमिनीवरचं कधी, असं मामी विचारते. मी विचारत नाही, फक्त लिहितो आहे.

इथे आमच्या चिरंजीवांनी, तनयने, नवं खूळ काढलंय. गोदावरीवर विधीला येणाऱ्या यजमानांची नावं आपल्या पुरोहित घराण्याने गावागावांच्या वह्यांत लिहून ठेवली, त्या साऱ्या वह्यांचे तो फोटो काढतोय. रोज सकाळी पुसायला सुती फडकं मागतो आणि दुपारपर्यंत शिंकत बसतो. कुंभमेळ्याआधी संपवणार म्हणे. त्याला मी एकच नियम सांगितला. आपल्या वहीत काही खोडायचं नाही. चुकलेलं असलं तरी राहू द्यायचं, आणि खाली तारीख घालून नवी ओळ लिहायची.

तब्येतीला जप. पत्राची वाट बघायला मला आवडतं, पण फार बघायला लावू नकोस.

तुझा मामा,
दिवाकर

खोडद, ३ सप्टेंबर २०२४

ती. मामांस सा. न. वि. वि.

मामा, माझ्या तोंडचं पाणी पळालंय. ऑगस्टमध्ये पुन्हा पाहिलं, तर तारा गप्प. रेडिओचा टिपूस नाही. तीन आठवडे तेच गणित पुन्हा पुन्हा करतेय. उपग्रहाचे क्ष-किरण मात्र उलट वाढलेत, म्हणजे काहीच जुळत नाही.

माझ्याबरोबर काम करणारा गौरांग म्हणतो की फेब्रुवारीचं निरीक्षण सदोष समजून गाळून टाक आणि एकट्या ताऱ्याचा साधा प्रबंध लिही. डिग्री मिळेल, कुणी हसणार नाही. खरं सांगू? मलाही तेच करावंसं वाटतंय. मॅडमना सोमवारी उत्तर द्यायचंय.

मामीला यातलं सांगू नका, ती उपास धरेल.

तुमची,
स्वानंदी

नाशिक, ५ सप्टेंबर २०२४

चि. स्वानंदीस आशीर्वाद.

हे पत्र तनयबरोबर पाठवतोय, सोमवारच्या आत पोहोचायला हवं. श्यामलालाही जे सांगितलं नाही ते तुला लिहितो.

१९८९ साली कळवणकडच्या एका गावाचा नवनाथ आला. वहीत माझ्या वडिलांच्या, दादांच्या, हातची नोंद होती, यादव आणि भिकन असे दोन भाऊ. नवनाथ म्हणाला, माझा बाप यादव एकटाच होता. मला वाटलं, दादांचीच चूक. नवी ओळ लिहायची, तर पान खराब दिसेल म्हणून मी कागदाची चिठ्ठी खळीने चिकटवली आणि वर एकटा यादव लिहिला. पुढच्या वर्षी सुरतेहून पुंजाराम आला. भिकनचा मुलगा. वडील गेले होते, त्यांच्या विधीला आजा-पणजाची नावं हवी होती. चिठ्ठी माझ्या डोळ्यांसमोर होती. लाज वाटली, आणि मी सांगितलं की तुमचं नाव आमच्याकडे नाही. नदीकडे पाठ करून तो निघून गेला. चौतीस वर्षं ते मनाला खातंय.

तुझ्या ताऱ्यातलं मला काही कळत नाही. पण फेब्रुवारीत तू जे पाहिलंस त्यावर चिठ्ठी लावू नकोस. ऑगस्टची ओळ खाली लिही.

मामा

खोडद, ९ मार्च २०२५

ती. मामांस सा. न. वि. वि.

तारा परत आला! खणखणीत, पहिल्याइतकाच.

तुमचं पत्र वाचून मी मॅडमपुढे दोन्ही नोंदी ठेवल्या. आम्ही उपग्रहाच्या जुन्या नोंदी काढल्या, तर क्ष-किरण दर दोन वर्षांनी वाढलेले. मग उलगडलं. दोन तारे लांबट वाटेने एकमेकांभोवती फिरतात. जवळ आले की वारे जोरात आदळतात, क्ष-किरण वाढतात, पण तिथल्या दाट वाऱ्यात रेडिओ लहरी गिळल्या जातात. दूर गेले की पुन्हा बाहेर येतात. दोन्ही नोंदी खऱ्या होत्या, मामा. एक गाळली असती तर दुसरा तारा कायमचा गेला असता. मी खूप रडले, आनंदाने.

आता तुमच्या चिठ्ठीचं काय? भाची म्हणून विचारण्याचा हक्क वापरते आहे.

तुमची,
स्वानंदी

नाशिक, २० एप्रिल २०२५

चि. स्वानंदीस आशीर्वाद, आणि मामीकडून वेगळे, कारण तिला आता सगळं सांगितलंय. ऐकल्याच्या तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, गाडी काढा.

तनय, ती आणि मी कळवणला गेलो. नवनाथ थकलाय. जमिनीवरून भावाभावांचं बिनसलं होतं आणि बापाने भिकनचं नाव घरात काढू दिलं नाही, असं त्याने स्वतःच सांगितलं. सुरतेचा फोन नंबर त्याच्या सुनेकडे निघाला.

पुंजाराम काल आला. केस पांढरे झालेत. मी आधी माफी मागितली. मग ओलं फडकं ठेवून चिठ्ठी त्याच्यासमोरच सोडवली. खाली दादांचं अक्षर अगदी ताजं, आणि शेजारी भिकनचा निळ्या शाईतला अंगठा. वडिलांचा एकही फोटो नव्हता त्याच्याकडे. बराच वेळ तो त्या अंगठ्यावर स्वतःचा अंगठा ठेवून बसला. मग आम्ही नदीवर जाऊन राहिलेला विधी केला, सगळी नावं घेऊन.

चिठ्ठी मी फेकली नाही. त्याच पानाच्या कडेला लावली, आणि खाली तारीख घालून लिहिलं, ही चूक दिवाकरची. त्याच्याखाली पुंजारामने सही केली.

लाडू पाठवतोय. पुंजारामला तुझ्या ताऱ्याबद्दल सांगितलंय, दोन डबे तोही पाठवणार आहे. माया अशीच असू दे.

तुझा मामा,
दिवाकर