विजयराघवमामा घरी येतो आहे

मधुमिता,

अप्पांना सकाळी हृदयाचा पुन्हा झटका आला. श्वास मशीनवर आहे, डॉक्टर काहीच खात्री देत नाहीत. मी कपडे न्यायला आले होते, लगेच परत इस्पितळात चालले आहे.

संध्याकाळी माझा भाऊ विजयराघव अंघोळीला येईल. तू त्याला कधी पाहिलं नाहीस. मी बाप्तिस्मा घेऊन अप्पांशी लग्न केलं, तेव्हा "माझी बहीण मेली" म्हणून त्याने माझं नाव टाकलं. आज घाबरून मी त्यालाच फोन केला. तो मिळेल त्या बसने नाचियार्कोविल गावाहून थेट इस्पितळात आला. त्याला नमस्कार कर, कॉफी दे. आपल्या घरचं नको म्हणाला तर मनाला लावून घेऊ नकोस.

देवाने हे कशासाठी आणलं, मला कळत नाही गं. येशू आपल्याला सोडणार नाही असं तुला सांगत आले, आणि आज माझ्याच तोंडून प्रार्थना फुटेना. तेव्हा दादा हात धरून म्हणाला, "वत्सला, तुझ्या देवाला कसं बोलवायचं ते मला ठाऊक नाही. तू हाक मार, मी शेजारी बसतो."

मी हाक मारली. तूही मार.

आई