चिंचेच्या बांधापुढची जागा

२ डिसेंबर १९९६
सकाळी एसटीडी बूथवर भीमाचा फोन. धाकटा भाऊ, मी इकडं शहरात, गावचं शेत तोच बघतो. "अण्णा, सडक रुंद होतीय. पेट्रोल पंपवाले रान मागतेत. संक्रांतीनंतर जेसीबी लावून सपाट करणार. सह्याला ये." बरं म्हणालो. कोण कसणार आता?

आईला सांगितलं. मेथी निवडत होती. जुडी संपवली. मग म्हणाली, "पोरीला कुठं ठेवलंय, तेवढं विचार ह्यांना."

पोर म्हणजे माझ्या पाठची. नवव्या दिवशी गेली, बारशाच्या आत. वडील, आमचे दादा, एकटेच तिला कापडात गुंडाळून शेतात घेऊन गेले. बायका पुरायला जात नाहीत. पन्नास वर्षं आईनं विचारलं नाही. आज विचारते, तर दादांना माझंसुद्धा नाव आठवत नाही.

५ डिसेंबर
दादांना सरळच विचारलं, पोरीला कुठं पुरलं? हसले. "कुणाची पोर?" आई उठून आत गेली. माझा गाढवपणा.

पण जागा आठवतात त्यांना. विचारलं की धडाधड: विहीर, वाकडी बाभळ, घोडबुडी (मोगलाईत वसुलीवाल्याचं घोडं तिथं चिखलात रुतलं म्हणे), चिंचेचा बांध, म्हसोबा, परत विहीर. यातलं एकही नाव सरकारी नकाशात नाही. तिथं नुसते सर्व्हे नंबर. आणि हे मला कोण सांगणार, सर्व्हे ऑफिसात तीस वर्षं असलेच नकाशे ट्रेस केले. जुनी नावं गाळा, नंबर टाका, साहेबांचा हुकूम. शहराच्या कडेच्या गावांतल्या किती बांधांची नावं या हातानं गाळली असतील. तेव्हा काही वाटलं नाही.

११ डिसेंबर
शेताचा नकाशा पसरून दादांचं बोट वरून फिरवलं. चिडले, कागद ढकलून दिला. रेखा बघत होती. माझी मुलगी, इथंच हिमायतनगरला कम्प्युटर क्लासला जाते, मराठी वाच म्हटलं की जांभई देते. म्हणाली, "बाबा, उनको कागज नक्को. ते चालत जायचे ना? चलाके देखो." पोरीला अक्कल आहे. मी एवढा ड्राफ्ट्समन, मला सुचू नये?

१५ डिसेंबर, रवि.
गच्चीवर. वेळामावस्येला, रानाच्या पूजेच्या दिवशी, दादा आंबिलीचं मडकं घेऊन, शिंपत शिंपत शेताला फेरी घालत. तसंच केलं. पाण्याची टाकी म्हणजे विहीर. आईनं मुद्दाम आंबील केली. तांब्या भरून हातात दिला. घरमालकीण खालून तेलुगूत विचारतेय, काय चाललंय? काय सांगू तिला.

दादा चालले. पाय ओढत, पण चालले. "बाभळ." शिंपलं. "घोडबुडी." शिंपलं. "चिंच." पुढं सात-आठ पावलं, आणि थांबले. नाव काही घेतलं नाही. खाली बसले, उरलेली आंबील हळूहळू ओतली, फरशीवरून हात फिरवला. मग उठले. "म्हसोबा."

मग आठवलं. दर वर्षी थांबत ते तिथं! आम्ही पोरं मागं मागं. भीमा खिदळायचा, "दादा दमले, दादा म्हातारे झाले." मीही हसायचो. देवा.

आई जिन्याच्या दारात होती. "फेरीचं मडकं भरताना दर साली म्हणायचे, एक वाटी जास्त घाल. मी घालायची. कशाला ते विचारलं नाही कधी." तिथंच खाली बसली आणि रडली. दादा तिच्याकडं बघत उभे, हातात रिकामा तांब्या.

१८ डिसेंबर
भीमाला फोन. चिंचेचं विचारलं. "ती कवाच तोडली की, अण्णा. खोडबी काढलं, बांध नांगरला. तूच पत्रात लिवलं होतंस, सावलीत पीक येत नाही म्हणून." लिहिलं होतं खरं. आठवलं. आईला अजून सांगितलेलं नाही.

२ जानेवारी १९९७
दादांना चार दिवस ताप. नावंही चाललीत. आज बाभळीपुढं काही आलं नाही.

दादांनी सांगितलेल्या जागांचा नकाशा पुरा केला. सगळी नावं काळ्या शाईनं, ठळक. चिंच नि म्हसोबाच्या मधे एक टिंब. आईला विचारलं, इथं काय लिहू? "तिला नाव कुठं ठेवलं होतं?" टिंबावर बोट ठेवून बसून राहिली.

भीमानं पाठवलेले कागद कपाटावर आहेत. सही केलेली नाही. करणार नाही असंही म्हणवत नाही.

७ जानेवारी
परवा वेळामावस्या. उद्या सकाळी गौलीगुड्याच्या स्टँडवरून गावची बस. डॉक्टर प्रवास नको म्हणाले. दादा दुपारपासून चपला घालून बसलेत.

चिंचेचं शेवटी आईला सांगितलं. माझ्या पत्राचंही. तिनं नकाशाची घडी घालून पिशवीत ठेवली. गच्चीवरची सात-आठ पावलं म्हणजे शेतातली किती, मला काढता येत नाही. दादा तिथं थांबतील का, तेही कोण सांगणार.

आई म्हणाली, "नाही थांबले तर सगळ्या रानात शिंपीन. यंदा मडकं माझ्या हातात दे."

आता आंबिलीसाठी ज्वारीचं पीठ बांधून घेतेय. चार वाट्या मोजल्या. थांबली. मग आणखी एक घातली.